दोन आण्यांचा शेंदरी जॉर्ज: जुनी तिकिटं मापावरून आणि दात्यांवरून ओळखताना

"काका, आजोबांच्या ट्रंकेत सापडलंय. किती येतील?" असा निरोप आणि सोबत एक फोटो, हे माझ्या व्हॉट्सॲपवर नेहमीचंच झालंय. फोटोत पंचम जॉर्जचं टपाल तिकीट, बोटांच्या चिमटीत धरलेलं. मी किंमत सांगत नाही. उलट विचारतो, छापलेली चौकट किती मिलिमीटरची आहे आणि कडेचे दाते किती? बहुतेक वेळा त्यानंतर पलीकडून नुसत्या दोन निळ्या टिका.

लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. तिकीट हातात आलं की डोळा आधी चित्रावर जातो. पण टपाल खात्यांनी एकेक चित्र वर्षानुवर्षं चालवलं. मधल्या काळात डाय, म्हणजे छपाईचा मूळ साचा, बदलली, यंत्र बदललं, कागद बदलला आणि चित्र मात्र तेच राहिलं. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूमच्या तपासणी टेबलावर गेली. तिथला नियम साधा होता: मापात बसला तर तो पार्ट, नाही तर भंगारात. तिकिटांनाही मी तीच शिस्त लावतो. आधी माप, मग दाते, मग पाठ, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

सामान फार लागत नाही. चपट्या, गोल टोकांचा चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि दाते मोजायचं गेज. पट्टी स्टीलची घेऊ नका. तिच्या रेघा वरच्या बाजूला असतात, खाली पट्टीची जाडी, त्यामुळे डोळा जरा तिरका झाला की पाव मिलिमीटर गेलंच. पारदर्शक पट्टी रेघांची बाजू खाली करून थेट तिकिटावर ठेवायची, म्हणजे रेघ आणि छपाई एकाच पातळीवर येतात. आणि व्हर्नियर कॅलिपर माझ्यासारख्यांना कितीही लाडका असला तरी तिकिटाच्या जवळ आणायचा नाही. त्याचे जबडे दाते मोडतात.

माप कागदाचं नाही, चौकटीचं

आता त्या शेंदरी जॉर्जकडे येऊ. पंचम जॉर्जचं दोन आण्यांचं शेंदरी तिकीट नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलं गेलं. ते १९३४ चं एक आहे आणि १९३६ चं एक. राजा तोच, रंग तोच, दाते दोन्हींना १४, कागदातला अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्कही तोच. फरक फक्त मापात. पहिल्याची छपाई साधारण १९ × २२.६ मिमी, दुसऱ्याची १८.४ × २१.८ मिमी. कॅटलॉगमध्ये दुसऱ्याच्या पुढे 'लहान डाय' एवढीच नोंद असते आणि बहुतेक जण ती वाचून पुढे जातात. माझ्या मते नवशिक्याने मोजायला शिकावं ते ह्याच जोडीवर. दोन्ही तिकिटं आपल्याकडच्या जुन्या पत्रव्यवहारात सहज भेटतात आणि चुकलं तरी खिशाला झळ लागत नाही.

मोजायची ती छापलेली चौकट, बाहेरच्या रेघेच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. कागदाची रुंदी कधीच धरायची नाही. दाते पाडताना ताव जरा सरकला की एका बाजूला पांढरी कड जाड होते, दुसरीकडे बारीक होते. कागदाच्या मापावरून तुम्हाला यंत्रावरच्या माणसाची त्या दिवशीची तब्येत कळेल, तिकीट नाही कळणार. आधी आडवं माप लिहायचं, मग उभं. जगभर हाच क्रम आहे, तो मोडला की कॅटलॉग वाचता येत नाही.

०.६ मिमी पट्टीवर वाचणं अवघड वाटतं ना? मग स्कॅनर वापरा. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, स्कॅन केलं की एका मिलिमीटरला साधारण २३.६ पिक्सेल पडतात. मोठ्या डायची रुंदी सुमारे ४४९ पिक्सेल, लहानीची सुमारे ४३५. चौदा पिक्सेलचा फरक कोणत्याही साध्या सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतो. शेजारी पट्टी ठेवूनच स्कॅन करा, म्हणजे स्कॅनर स्वतः किती खरं बोलतोय तेही कळतं. मोबाइलचा फोटो ह्या कामाला नाही चालत, कारण लेन्स कडा वाकवते.

ह्याहून सोपी एक जुनी रीत आहे. नक्की ओळखलेलं एक फाटकं तिकीट घ्यायचं, ज्याला तशीही किंमत नाही. त्याची वरची आणि उजवी कड छपाईच्या रेघेपर्यंत कापून टाकायची. मग ते संशयित तिकिटावर ठेवायचं, डावी-खालची चौकट खालच्या तिकिटाच्या चौकटीच्या सरळ रेषेत आणून. वर आणि उजवीकडे खालच्या तिकिटाची शेंदरी पट्टी डोकावली तर खालचं मोठं. रेघेला रेघ जुळली तर दोन्ही एकाच डायची. ह्याला आकडे लागत नाहीत, चष्मा मात्र लागतो.

एक सूचना पावसाळ्यासाठी. ओल्या कागदाची लांबी-रुंदी वाढते आणि दोन्ही दिशांना सारखी वाढत नाही. पाकिटावरून भिजवून काढलेलं तिकीट ब्लॉटिंग पेपरात दाबून पुरतं वाळू द्या, मगच मोजा. कोकणातली मंडळी तर जून ते सप्टेंबर भिजवायच्या भानगडीत न पडलेली बरी. तो गोंद परत कधी चिकटेल सांगता येत नाही.

दाते: दोन सेंटिमीटरचा हिशेब

१८४० ची पहिली तिकिटं कात्रीने कापून वापरायची होती. आपल्याकडेही १८५२ चा गोल सिंध डाक आणि १८५४ ची कलकत्त्याला छापलेली अर्धा आणा, एक आणा वगैरे तिकिटं बिनदात्यांचीच. हेन्री आर्चरने इंग्लंडमध्ये भोकं पाडायचं यंत्र रेटून धरलं आणि १८५४ पासून तिथे एका पेनीचं लाल तिकीट दात्यांसह आलं. तेव्हा दाते होते १६. भोकं इतकी जवळजवळ की ताव हाताळता हाताळता सुटायचा. म्हणून १८५५ मध्ये ते १४ वर आणले. त्याच वर्षी लंडनच्या दे ला रू कंपनीने आपल्यासाठी निळ्या झिलईदार कागदावर चार आणे आणि आठ आणे छापले, तेही १४ चेच. हा १४ पुढे आपल्या लहान तिकिटांना इतका चिकटला की मी आधी १४ गृहीत धरतो आणि नसेल तरच कान टवकारतो.

दाते १४ म्हणजे तिकिटाच्या एका बाजूला चौदा दाते, असा समज हटकून असतो. तसं नाही. पॅरिसच्या डॉ. लग्रां ह्यांनी १८६६ मध्ये घालून दिलेलं माप आजही चालतं: २० मिलिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा. त्यामुळे मोठ्या तिकिटाचा आणि छोट्या तिकिटाचा आकडा एकच असू शकतो. एकच आकडा दिला असेल तर चारी बाजू सारख्या. '१४ × १३½' असं असेल तर पहिला आकडा वरच्या-खालच्या आडव्या कडांचा, दुसरा उभ्या कडांचा.

गेज हातात नसेल तर गणित करा. भिंगाखाली एका भोकाच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवायचा, तिथून पंधरा अंतरं मोजायची, म्हणजे सोळाव्या भोकाच्या मध्यापर्यंत. समजा ते २१.४ मिमी आलं. १५ गुणिले २०, भागिले २१.४, उत्तर १४.०२. दाते १४. तेच अंतर २२.२ आलं असतं तर उत्तर साडेतेरा. म्हणजे अर्ध्या दात्याचा फरक ह्या लांबीत ०.८ मिमीचा आहे, पट्टीवर सहज दिसणारा. मोजायची ती अंतरं, भोकं नव्हेत. सोळा भोकं दिसतात म्हणून सोळाने गुणलंत की उत्तर १४.९५ येईल आणि तुम्ही घरात दुर्मीळ तिकीट निघालं म्हणून पेढे वाटाल.

गेज असेल तर प्रकार दोन. एकात प्रत्येक मापाची वेगळी ठिपक्यांची ओळ असते, दुसऱ्यात तिरक्या रेघा वर निमुळत्या होत जातात आणि तिकीट सरकवत सगळे दाते रेघांवर बसतील ती जागा वाचायची. मला दुसरा आवडतो, कारण त्यावर १३.८ सारखं मधलं मापही दिसतं. ओळ जुळली असं पहिल्या तीन-चार भोकांवरून ठरवू नका. कडेच्या पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत सगळी जुळायला हवीत. साडेतेरा आणि चौदा ह्या ओळी सुरुवातीला अगदी भावंडांसारख्या दिसतात, खरं रूप टोकाला कळतं. आणि गेज प्लॅस्टिकचंच घ्या, छापील कागदाचं नको. कागद आपल्या हवेत स्वतःच फुगतो.

दोन्ही मापं एकत्र: एक सेंटचा फ्रँकलिन

वजनावर मिळणाऱ्या परदेशी तिकिटांच्या पिशवीत अमेरिकेचं हिरवं एक सेंट, बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा, हमखास निघतं. १९२० च्या दशकातली ही मालिका. ह्या एका तिकिटावर मी नवीन मुलांना एक दुपार बसवतो, कारण इथे माप आणि दाते एकमेकांशिवाय निरुपयोगी आहेत.

सपाट प्लेटवरच्या छपाईत चित्र लहान: साधारण १९ × २२ मिमी. मग रोटरी यंत्रं आली. सिलिंडरवर बसवायला प्लेट वाकवावी लागते आणि वाकवली की त्या दिशेने चित्र ताणलं जातं. तावाच्या तिकिटांत ते उंचीत वाढलं, साधारण १९¼ × २२½ झालं. गुंडाळीच्या तिकिटांसाठी प्लेट दुसऱ्या दिशेने वाकवायची, तेव्हा रुंदीत वाढलं, १९¾ × २२¼.

दात्यांची गंमत पेनी लालसारखीच. रोटरीची तिकिटं आधी १० च्या दात्यांची काढली, ती फाडता फाडता लोकांच्या नाकी नऊ आले. ११ केलं तर पटकन सुटायची. शेवटी तडजोड झाली, ११ × १०½.

आता तुमच्या हातातल्या फ्रँकलिनची वरची कड मोजा. दहा अंतरं १८.२ मिमीत बसली तर ११, जेमतेम १९ मध्ये बसली तर साडेदहा, २० घेतली तर १०. वर ११ आणि उभ्या कडेला साडेदहा? सगळ्यात सामान्य तिकीट, बाजूला ठेवा. चारी बाजूंना १०? तेही साधं. चारी बाजूंना ११ आलं तरच चौकट मोजायला घ्या. १९ × २२ च्या आसपास असेल तर सपाट प्लेटचं, पुन्हा साधं. चारी बाजूंना ११ असूनही चौकट उंच किंवा रुंद भरली, तर मात्र पंखा बंद करा आणि तिकीट चिमट्याने पाकिटात ठेवा. रोटरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांना ११ चे दाते पाडून खपवलेली ती तिकिटं आहेत. जगात फार थोडी उरली आहेत. अशा वेळी स्वतःच्या मापावर स्वतःच विश्वास ठेवायचा नाही, तज्ज्ञांच्या समितीचं प्रमाणपत्र घ्यायचं.

हे तिकीट तुमच्या पिशवीत नसणार, हे मी मुलांना आधीच सांगतो. पण शंभर हिरवे फ्रँकलिन मोजून झाले की हाताला सवय होते.

कोपरा बघा

आकडा तोच, पण भोकं पाडायची पद्धत वेगळी, असंही होतं. सरळ रेषेच्या यंत्रात सुयांची एकच ओळ असते. ती आधी सगळ्या आडव्या रेषा पाडते, मग ताव फिरवून उभ्या. दोन रेषा जिथे छेदतात तिथे भोकांवर भोकं पडतात आणि तिकिटाचे कोपरे वेडेवाकडे येतात, कुठे टोकदार दात, कुठे अर्धवट. कंगवा पद्धतीत एका ठोक्यात ओळीतल्या प्रत्येक तिकिटाच्या तीन बाजू पडतात, म्हणून कोपऱ्यात एकच नेटकं भोक येतं आणि चारी कोपरे सारखे दिसतात. त्रावणकोरची अंचल तिकिटं बघा, अंचल म्हणजे त्या संस्थानाची स्वतःची टपालसेवा. १९३९ च्या मालिकेत ११, १२, १२½ आणि त्यांची मिश्रणं सगळी सापडतात. तिथे एका बाजूचं माप घेऊन थांबलात तर काहीच कळणार नाही. चारी बाजू वेगवेगळ्या मोजायच्या.

गोव्याच्या जुन्या घरांमधल्या पत्रांवर पोर्तुगीज भारताची सेरेस तिकिटं मिळतात. हातात विळा घेतलेली धान्यदेवता, खाली किंमत रेइस किंवा तांगांत. सुरुवातीच्या छपायांचे दाते १५ × १४, नंतरच्यांचे १२ × ११½. डोळ्यालाही फरक कळतो: पहिल्याची कड बारीक, दुसऱ्याची भरड. शिक्का पुसट असेल तर काळाचा अंदाज लावायला ह्याइतकी सोपी खूण नाही.

एक कड पूर्ण सरळ असली तर लगेच 'कापलेलं' म्हणून टाकू नका. पुस्तिकेतली आणि गुंडाळीतली तिकिटं तशी असतात. अमेरिकेत सपाट प्लेटचे चारशेचे ताव मधोमध कापून शंभर-शंभरचे केले जायचे, त्या कापाशेजारच्या तिकिटांनाही एक-दोन कडा सरळच. आणि चित्राच्या मध्येच अक्षरांच्या आकारात भोकं असतील तर ती दात्यांची भानगड नाही. कंपन्या आपली तिकिटं नोकरांनी चोरू नयेत म्हणून आद्याक्षरं टोचून घ्यायच्या.

जिथे माप हात टेकतं

पंचम जॉर्जचीच पुष्कळ तिकिटं अशी आहेत की मापाने काही उलगडत नाही. १९११ पासूनची दे ला रूने लंडनहून छापून पाठवलेली आणि १९२६ पासून नाशिकला छापलेली, दोन्ही १४ दात्यांची, चित्र तेच. इथे तिकीट पालथं करायचं. काळ्या टाइलवर उलटं ठेवलं की लंडनच्या कागदात एकच तारा दिसतो, नाशिकच्या कागदात अनेक. नाही दिसला तर तिरक्या उजेडात बघा. लायटरचं पेट्रोल टाकून बघणारे आहेत, पण काही शाया त्यात उतरतात, म्हणून मी ते सगळ्यात शेवटचा उपाय ठेवतो. व्हिक्टोरियाच्या तिकिटांतही असंच: १८६५ पासून हत्तीचं डोकं, पुढे १८८० च्या दशकात तारा.

म्हणून स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं ठेवायच्या वहीत, प्रत्येक तिकिटाखाली चिठ्ठी ठेवतो, पेन्सिलीने लिहिलेली: '२ आ. शेंदरी, चौकट १८.४ × २१.८, दाते १४, अनेक तारे'. पेन नको, शाई कागदातून उतरते. मोजलं नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा, अंदाज लिहायचा नाही.

विकत घेताना

दाते खोटं पकडतात, खरं सिद्ध करत नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए प्रेसमध्ये छापली गेली, दाते ११½. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाची बनावट आपल्या बाजारात इतकी फिरते की मी ते तिकीट बघितलं की आधी गेज काढतो. साडेअकराला बसलं नाही तर पुढे बोलायची गरज नाही. बसलं, तर फक्त एवढंच कळलं की बनवणाऱ्याकडेही गेज होतं. मग छपाईचा बारीक दाणा, कागद, गोंद बघायचा आणि किंमत मोठी असेल तर प्रमाणपत्र मागायचं.

उलटा प्रकारही चालतो. साध्या तिकिटाचे दाते कात्रीने छाटून 'बिनदात्यांची चूक' म्हणून विकतात. खरं बिनदात्यांचं तिकीट चारी बाजूंनी भरपूर कड असलेलं, शक्यतो जोडीने, मधली जागा अखंड असलेलं घ्यायचं. एकट्या तिकिटाची कड चौकटीपासून जेमतेम मिलिमीटरभर असेल तर तिथे आधी दाते होते असं समजून चालायचं. आणि परत पाडलेले दाते ओळखायचे तर समोरासमोरच्या दोन कडा ताडून बघा: एका कडेची भोकं स्वच्छ, गोल, समोरचीच्या भोकांचा व्यास जरा वेगळा किंवा रेघ किंचित तिरकी, तर कुणीतरी घरी बसून कारभार केलाय.

प्रदर्शनातल्या विक्रेत्यांना तिकीट मोजू द्या म्हटलं तर चांगला विक्रेता स्वतःचं गेज पुढे करतो. "गेज लावलं तर तिकीट खराब होतं" असं कुणी म्हणालं, तर तिकीट त्याच्या हातात परत द्या आणि शेजारच्या टेबलाकडे वळा.